तळपायावर झोपेचं बटण असतं का?

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले, की निवृत्तीनंतर मी पायाची रिफ्लेक्सॉलॉजी, म्हणजे तळपायाचे ठरावीक पॉइंट दाबून अंगाची दुखणी बरी करता येतात असं मानणारी पद्धत, शिकले आणि मंगळवार-शुक्रवार आमच्या लालबागच्या खोलीत पाच-सहा जणांचे पाय बघते. त्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग आला. गुडघ्यांवर नाही, टाचांच्या भेगांवर नाही. सगळ्यांचं एकच, पाय दाबून झोप येते का आणि गोळी सुटते का. तेहतीस वर्षं मी पालिकेच्या इस्पितळात सिस्टर होते, त्यातली निम्मी रात्रपाळीत गेली, तेव्हा ही मुंबई रात्री किती जागी असते ते मला नवं नाही. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही. ही पाच पत्रं घेते.

प्रश्न : वय ६४, बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त. चार वर्षं झोपेसाठी अल्प्राझोलाम ०.५ घेतो. अकराला पडतो, साडेतीनला टक्क जाग. दुपारी जेवणावर दोन तास काढतो म्हणून दिवस निघतो. आमच्या सोसायटीत एक गृहस्थ येतात. रिफ्लेक्सॉलॉजीच्या १५ बैठका, ९,००० रुपये. पायाच्या अंगठ्यात पिट्युटरीचा (मेंदूतल्या ग्रंथीचा) पॉइंट असतो, तो मोकळा झाला की गोळी लागत नाही, गोळी आजच बंद करा म्हणतात. मुलगा म्हणतो पैसे पाण्यात जातील. मिसेस म्हणते करून तर बघा. काय करू?
– श. म., भांडुप

उत्तर : श. म., पॉइंटचं नंतर बोलू, आधी गोळीचं. आज बंद करू नका. उद्याही नाही. ही गोळी चार वर्षं रोज पोटात गेली की मेंदू तिला धरूनच चालायला लागतो. एकदम काढली की पहिल्या काही रात्री आधीपेक्षा वाईट जातात, हात थरथरतात, छातीत धडधडतं, क्वचित फिटही येते. आमच्या वॉर्डात हर्नियाचं ऑपरेशन झालेला एक माणूस तिसऱ्या रात्री पंख्याकडे बोट दाखवून "त्या लोकांना खाली उतरवा" म्हणून ओरडायला लागला. सगळे म्हणाले, दारू तुटली असणार. बायको म्हणाली, जन्मात शिवले नाहीत दारूला. सकाळी तिच्या पिशवीत गोळ्यांची पट्टी निघाली. सात वर्षं रोज घेत होता आणि दाखल करताना कोणी विचारलंच नव्हतं. त्या न विचारणाऱ्यांत मीही होते.

ज्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली त्यांच्याकडे जा आणि "मला ही सोडायची आहे, कशी सोडू" एवढंच विचारा. ते ती थोडी थोडी कमी करत, काही आठवडे घेऊन उतरवतील. चिठ्ठीवर घेता की ओळखीचा केमिस्ट देतो, हे तुम्ही लिहिलेलं नाही. २०१४ पासून ही गोळी एच-वन यादीत आहे, केमिस्टने डॉक्टरांचं आणि पेशंटचं नाव वहीत नोंदवायचं असतं. ओळखीवर मिळत असेल तर त्या ओळखीचा काही उपयोग नाही.

आता पॉइंट. मी ज्या क्लासला जायचे तिथे भिंतीवर तळपायाचा मोठा रंगीत नकाशा होता. अंगठ्यात डोकं आणि पिट्युटरी, चवड्यावर फुप्फुसं, मधल्या खळग्यात पोट-आतडी, टाचेत कमरेखालचं सगळं. पहिल्याच दिवशी सांगितलं, विद्या पाच हजार वर्षांची आहे. घरी येऊन मी शोधलं, तर या नकाशाने अजून शंभरी गाठलेली नाही. विल्यम फिट्झजेराल्ड म्हणून अमेरिकेत कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. अंगाचे डोक्यापासून पायापर्यंत उभे दहा पट्टे पडतात आणि एका पट्ट्यात एके ठिकाणी दाबलं की त्याच पट्ट्यात दुसरीकडे दुखणं कमी होतं, असं त्यांनी १९१७ साली छापलं. मग १९३० नंतरच्या दशकात तिथल्याच युनिस इंगहॅम या बाईंनी सगळं शरीर तळपायावर उतरवलं. इजिप्तमध्ये सक्कारा इथल्या एका थडग्यात दुसऱ्याचे हातपाय धरून बसलेल्या माणसांचं चार हजार वर्षांहून जुनं चित्र आहे, ते खरं. क्लासच्या माहितीपत्रकावर तेच असतं. पण ती माणसं उपचार करतायत की नखं काढतायत यावर जाणकारांचंच एकमत नाही. मला विचाराल तर नखं काढतायत.

माझ्या भिंतीवर आज दोन नकाशे आहेत, एक क्लासचा आणि एक दादरला प्रदर्शनात घेतलेला, चिनी पद्धतीचा. पहिल्यात झोपेसाठी अंगठा दाबायचा, दुसऱ्यात टाचेचा मध्य. परळच्या एका बाईंची टाच मी महिनाभर दाबली आणि त्या मस्त झोपायला लागल्या. एक दिवस वही चाळताना लक्षात आलं, त्यांचा अंगठा दाबायचं ठरलं होतं, टाच दुसऱ्या बाईंची होती. त्या दुसऱ्या बाईही झोपत होत्या. मी वही मिटून ठेवली आणि आठवडाभर कोणाला बोलले नाही.

अंगठ्यापासून थेट पिट्युटरीला गेलेली वायर अंगात कुठे नाही. तळव्याच्या नसा पाठीच्या कण्यात जातात आणि तिथून मेंदूकडे, हाताच्या जातात तशाच. एडझार्ड अर्न्स्ट या संशोधकांनी २००९ साली तोवरच्या चाचण्या एकत्र करून तपासल्या, तेव्हा एकाही आजारावर रिफ्लेक्सॉलॉजीचा उपयोग खात्रीने दिसत नाही असंच निघालं. ऑस्ट्रेलियात १ एप्रिल २०१९ पासून खासगी आरोग्यविम्यात तिचे पैसे मिळणं बंद झालं. झोपेवरच्या काही चाचण्यांत फायदा दिसतो, पण त्या लहान असतात, आणि त्यांत एक मूळचीच अडचण आहे. औषधाच्या चाचणीत निम्म्यांना पिठाची गोळी देता येते आणि ते त्यांना कळू न देणं जमतं. पाय दाबलाय की नाही हे मात्र ज्याचा पाय त्याला कळणारच.

मग मी अजून लोकांचे पाय मांडीवर का घेते? कारण झोप येते. नकाशामुळे येत नाही, एवढंच. डोळा लागायच्या आधी अंगाच्या आतलं तापमान थोडं उतरावं लागतं आणि ती ऊब बाहेर जाते ती मुख्यतः तळहात-तळपायांतून. तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावल्या, पाय गरम झाले, की आतून अंग निवतं. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी १९९९ साली हे मोजलं. हातपाय जितके उबदार, तितकी झोप लवकर. पाय चोळले की गरम होतात, त्याला पदवी लागत नाही. शिवाय ती वीस मिनिटं माणूस एका जागी पडून असतो, मोबाइल लांब, टीव्ही बंद. आणि दुसऱ्या कोणीतरी आपला पाय हातात घेतलेला असतो. रात्री दोनला वॉर्डातून "सिस्टर" म्हणून हाक यायची, त्यातल्या निम्म्यांना औषध नकोच असायचं.

तेव्हा ९,००० रुपये खिशात ठेवा. मिसेस करून बघा म्हणतायत तर त्यांनीच करावं, कसं ते खाली गिरगावच्या पत्रात लिहिलंय. एक दिवसाआड त्यांचे पाय तुम्ही चेपा. लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून एकदाही चेपले नसतील.

पण तुमच्या पत्रात माझं लक्ष वेधलं ते त्या साडेतीनने. माझे सासरेही बेस्टमध्ये होते. पहिल्या पाळीची गाडी काढायला साडेतीनला उठायचे, निवृत्त झाल्यावर दहा वर्षं त्याच वेळी उठून चुळबुळ करायचे आणि आम्हा सगळ्यांना उठवायचे. तुमचंही अंग अजून डेपोच्या वेळेवर चाललंय, असं मला वाटतं. रात्रीचे साडेचार आणि दुपारचे दोन, मिळून साडेसहा तास झाले. तुमच्या वयाला हा आकडा काही भयंकर नाही, फक्त दोन हप्त्यांत येतोय. दुपारचा हप्ता वीस मिनिटांवर आणा, तोही तीनच्या आत. चारनंतरचा चहा सोडा, त्यातलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-एक तास जातात. रात्री उशिरा पडा आणि कितीही खराब रात्र गेली तरी उठायची वेळ एकच ठेवा, रविवारीसुद्धा. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर अंथरुणात कूस बदलत राहू नका, उठा. पुस्तकात लिहिलेलं असतं, दुसऱ्या खोलीत जाऊन बसा. दहा बाय बाराच्या खोलीत दुसरी खोली कुठून आणायची? दाराशी पाट टाकून बसा, दिवा न लावता. पेंगायला लागलात की परत आडवे व्हा.

हे माझ्या मनचं नाही. जुन्या निद्रानाशावर आधी गोळी नाही, आधी ही सवयींची आणि विचारांची उपचारपद्धती, असं अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ साली सांगितलंय. तिला सीबीटी-आय म्हणतात. मानसोपचार विभागात या नावाने विचारा. 'वेड लागलंय का' असं मनात आणू नका, तिथे अर्धी रांग झोपेचीच असते. आणि जाताना पंधरा दिवसांची नोंद न्या. कालनिर्णयच्या चौकटीत रोज किती वाजता पडलात, किती वाजता उठलात, एवढं पेन्सिलने लिहिलं की झालं.

प्रश्न : सासूबाई ७१ वर्षांच्या, १८ वर्षं मधुमेह. रात्री झोप नाही म्हणून माझ्याकडून काशाच्या वाटीने तळपायाला तूप घासून घेतात. तळवे काळे होतात, त्या म्हणतात अंगातली उष्णता निघाली. शेजारच्या काकू म्हणतात आधी पाय कडक पाण्यात बुडवायचे. हे बरोबर आहे का? आणि पाय नेमके चेपायचे कसे?
– सौ. र. प., गिरगाव

उत्तर : कडक पाणी अजिबात नाही. हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. माझ्या आईलाही मधुमेह होता. एका डिसेंबरात तिला झोप येईना म्हणून मीच बादलीत पाणी काढलं. ड्युटीला निघायची घाई, गॅसवर पातेलं, मी स्वतः हात घालून बघितलं नाही, तिलाच विचारलं, "चालेल ना गं?" ती पाय बुडवून म्हणाली, "छान आहे." दुसऱ्या दिवशी करंगळीच्या कडेला सुपारीएवढा फोड. तिला पत्ता नव्हता, मला तो फरशीवरच्या ओल्या डागावरून दिसला. भरायला चार महिने लागले. बाहेर शेकडो लोकांची ड्रेसिंग करणारी मी.

मधुमेहात पायाची संवेदना अशी गुपचूप जाते. म्हणून वाटी हातात घ्यायच्या आधी हे करा. सासूबाईंना डोळे मिटायला सांगा आणि तुमच्या बोटाच्या टोकाने अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांना एकेक करून नुसतं शिवा. दाबू नका, टिचकी मारू नका. दोन्ही पायांची मिळून सहा बोटं झाली. शिवलेलं कळलं की त्यांनी "हां" म्हणायचं. दोन किंवा जास्त बोटांना कळलं नाही तर संवेदना कमी झाली आहे असं समजा आणि डॉक्टरांना दाखवा. मग त्या पायांना वाटी नाही, गरम पाणी नाही, शेकायची पिशवीसुद्धा नाही, फक्त तळहाताने हलकं तेल. भेग, फोड, कुरूप असेल तरी वाटी नको, काठ लागतो.

सगळं नीट कळत असेल तर खुशाल घासा. पायाला तेल लावून झोपायची पद्धत आपल्याकडे जुनीच. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट, त्याने डोकं, कान आणि पाय यांना तेल लावायला खास सांगितलंय आणि पादाभ्यंगाने झोप येते हे आपल्या आज्यांना अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सांगावं लागलं नाही. काळेपणाचं मात्र वेगळं आहे. कासं म्हणजे तांबं आणि कथील. तुपात घासलं की धातूचा बारीक अंश निघतो आणि काळा दिसतो. जुन्या पांढऱ्या पंच्याच्या तुकड्याला तूप लावून त्यावर वाटी घासून बघा, पंचाही काळा होईल. पंच्याच्या अंगात कुठली उष्णता? सासूबाईंना हे सांगायलाच हवं असं नाही. त्यांना ते काळं निघालेलं बघून बरं वाटतं, आणि बरं वाटून झोप येत असेल तर आपण कशाला मध्ये पडा.

चेपायचं असं. त्यांना गादीवर पाठ टेकून बसवा, तुम्ही पायाशी पाटावर किंवा बुटक्या मुढ्यावर बसा, नाहीतर दहा मिनिटांत तुमचीच कंबर धरेल. मांडीवर जुना टॉवेल. तेल चहाच्या अर्ध्या चमच्यापेक्षा जास्त नको, आधी आपल्या तळव्यांवर चोळून कोमट करा. पहिलं मिनिट काहीच करायचं नाही. दोन्ही पाय दोन हातांत नुसते धरून बसायचं. नवशिके नेमकं हेच टाळतात, लगेच दाबायला लागतात. मिनिटभरात पाय हातात जड होतो, तेव्हा समजायचं की माणसाने तो सोडून दिलाय. मग घोटा दोन्हीकडे सावकाश फिरवा. एका हाताने चवडा मागे धरून दुसऱ्या हाताचा अंगठा टाचेपासून बोटांकडे चालवत न्या, सुरवंट चालतो तसा, वाकवत, सरळ करत, जरा पुढे. पाच वाटा करा, प्रत्येक बोटाकडे एक. दाब किती? आंबा पिकलाय का बघायला आपण पेटीतला हापूस दाबतो तेवढा. त्याने आंब्याला डाग पडला तर तुमचा दाब जास्त आहे. बोटं एकेक करून मुळापासून हलकी ओढा. कट्‌ आवाज काढायचा नाही. पोटऱ्यांवर दोन्ही तळहातांनी खालून वर, बस्स. एका पायाला दहा मिनिटं पुरतात.

शेवटी तेल पुसून टाका, बोटांच्या बेचक्यांतलं तर आठवणीने. मधुमेहात तिथे ओल राहिली की चिखल्या होतात. आणि तेलकट पायांनी त्या रात्री बाथरूमला उठल्या तर आपल्या गुळगुळीत लाद्यांवर काय होईल ते सांगायला नको. खुब्याची मोडलेली हाडं मी खूप पाहिलीत.

एका पायाची पोटरी दुसरीपेक्षा सुजली असेल, गरम लागत असेल, दुखत असेल, तर हात लावू नका, त्याच दिवशी डॉक्टर. शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते आणि चोळून ती सुटली तर फुप्फुसात जाते.

प्रश्न : वय ३६. दिवसभर ठीक असते, पण रात्री पाठ टेकली की पोटऱ्यांत आतून किडे वळवळल्यासारखं होतं, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. उठून फेऱ्या मारल्या की थांबतं. मिस्टरांनी पाय दाबले की बरं वाटतं, थांबले की पुन्हा सुरू. मला पाळीत रक्तस्राव खूप जातो. कुठला पॉइंट दाबावा?
– सौ. अ. ज., कल्याण

उत्तर : पाळीचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत आणि उत्तर तिथेच आहे. तुम्ही सांगता तसा त्रास ओळखीचा आहे, त्याला रेस्टलेस लेग्ज म्हणतात. १९४५ साली कार्ल-ॲक्सेल एकबॉम या स्वीडिश डॉक्टरांनी त्याचं नीट वर्णन केलं. विसावलं की सुरू, हललं की कमी, संध्याकाळनंतर जास्त. त्याचं एक मोठं कारण शरीरातलं लोह कमी असणं, आणि ज्यांच्या अंगावरून जास्त जातं त्यांचं ते बहुधा कमी होतं. नुसतं हिमोग्लोबिन बघू नका, फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासून घ्या. हिमोग्लोबिन बारा असूनही फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं. ते रिपोर्टमध्ये 'नॉर्मल'च्या खालच्या कडेला असलं तरी या त्रासात डॉक्टर लोह द्यायचं ठरवू शकतात, त्यामुळे पायांचं आवर्जून सांगा. लोहाच्या गोळीवर लगेच चहा पिऊ नका, लिंबूपाणी चालेल. पाळीचं स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. तोवर मिस्टरांना पाय दाबू दे, पण दर रात्री दीड तास दाबून त्यांची झोप जाणार असेल तर घरात दोन पेशंट होतील.

प्रश्न : मिस्टर इतके घोरतात की मला झोप नाही. मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो आणि मग मोठ्याने घुरकतात. दिवसा गाडी चालवताना सिग्नलला डुलकी लागते. घोरणं थांबवायचा पॉइंट सांगा.
– सौ. न. भ., बोरिवली

उत्तर : पॉइंट नाही. श्वास थांबतो आणि सिग्नलला डुलकी लागते हे दोन्ही एकत्र म्हणजे स्लीप ॲप्निया, झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याचा आजार, असायची दाट शक्यता. छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन स्लीप स्टडी करून घ्या, एका रात्रीचं काम. अशा माणसाला झोपेची गोळी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नका, श्वास आणखी मंदावू शकतो. तपासणी होईपर्यंत गाडीची किल्ली तुमच्या पर्समध्ये.

प्रश्न : सिस्टर, मी २४ वर्षांची, मालाडला कॉल सेंटरमध्ये नाईट शिफ्ट. सकाळी सातला सुटते, पीजीवर येऊन पडते तर झोप येत नाही. पाय चेपून द्यायला इथे कोणी नाही. ट्रेनमध्ये १५० रुपयांना काटेवाल्या ॲक्युप्रेशर चपला मिळतात, त्या घालून उपयोग होईल का? आणि स्वतःचे पाय स्वतः दाबले तर चालतं का?
– कु. म., मालाड

उत्तर : चपलांचे १५० रुपये वाचव. माझ्याकडेही एक जोडी आहे. घातल्या की माणूस जागा होतो, झोपेसाठी बरोबर उलटं. शिफ्टमध्ये पहाटे चारला पेंग येते तेव्हा वापरता येतील, पण तुझ्या फ्लोअरवर चालतील असं वाटत नाही.

स्वतःचे पाय दाबलेले चालतात. कॉटवर बसून एक पाय दुसऱ्या मांडीवर घे, वर गिरगावला लिहिलंय तेच कर. अंगठे दुखायला लागले तर जमिनीवर लाटणं ठेव आणि बसल्या बसल्या तळव्याखाली मागे-पुढे फिरव. उभं राहून नाही, घसरशील. त्याआधी बादलीत घोट्यांपर्यंत कोमट पाणी, कोपर बुडवून सुखाचं वाटेल इतपत, दहा-पंधरा मिनिटं. मग पाय कोरडे करून पातळ मोजे. एप्रिलमध्ये मोजे नकोसे होतील, तेव्हा नुसतं पाणी पुरे.

पण तुझी अडचण पायांत कमी आणि डोळ्यांत जास्त आहे. सातला सुटतेस, उन्हात रिक्षाने येतेस, अंग म्हणतं दिवस उजाडला. निघताना काळा गॉगल घाल, मैत्रिणी हसल्या तर हसू देत. (दुचाकी असेल तर नको, रात्रभर जागून दुचाकी चालवायचीच नाही.) शेवटचा चहा-कॉफी रात्री दोनच्या आत. आल्या आल्या मोबाइल बघत बसू नकोस. खिडकीला जाड चादर लाव, कानात कापसाचे बोळे नको, केमिस्टकडे फोमचे मिळतात ते घे. सुट्टीच्या दिवशी एकदम रात्रीची झोप धरायला जाऊ नकोस, निदान सकाळचे चार तास रोजच्या वेळेलाच झोप. तीन महिने झाले, आठवड्यातून तीन-तीन दिवस असंच चाललंय असं असेल, तर कंपनीच्या डॉक्टरांना सांग आणि पाळी बदलून माग.

मी तुझ्या वयाची होते तेव्हा रात्रपाळी करून साडेआठला चाळीत यायचे. नळ चालू, भांड्यांची आदळआपट, खाली भाजीवाला, समोर रेडिओ. आई खिडकीला तिचं जुनं हिरवं लुगडं बांधायची, माझ्या पायाशी बसायची आणि दाराकडे तोंड करून शेजारच्या मावशींशी गप्पा मारत माझे पाय दाबायची. लक्ष सगळं गप्पांत. कुठे दाबतेय तिला माहीत नसायचं, कधी एकच पाय पंधरा मिनिटं, दुसरा राहूनच जायचा. मावशींच्या मुलीच्या स्थळाचं काय झालं ते मला कधी शेवटपर्यंत ऐकायला मिळालं नाही.

तुझ्या पीजीची खिडकी कुठल्या दिशेला आहे ते तू लिहिलं नाहीस. पूर्वेला असेल तर कॉट पलीकडच्या भिंतीला लाव आणि रूममेटला सांग, दुपारी दोनपर्यंत मिक्सर नाही.